संगीतसूर्याची एकतीस वर्षं

२ ऑगस्ट १९२१ रोजी इटलीतल्या नेपल्स शहरात एन्रिको कारुसो नावाचा गायक वारला. वय अवघं अठ्ठेचाळीस. युरोपातल्या संगीत नाटकाला ऑपेरा म्हणतात आणि त्यात बहुधा नायकाच्या वाट्याला येणाऱ्या उंच, धारदार मर्दानी आवाजाला टेनर म्हणतात, एवढं आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतं. कारुसो हा साऱ्या जगाचा लाडका टेनर होता. १९०२ सालापासून त्याच्या गाण्याच्या तबकड्या निघत होत्या आणि तो गेल्यावरही त्या खपत राहिल्या.

त्यानंतर बरोबर नऊ आठवड्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, आपल्याकडचा एक तसाच गळा कायमचा थांबला. संगीतसूर्य केशवराव भोसले. कारुसो निदान अठ्ठेचाळीस वर्षं जगला. केशवरावांच्या वाट्याला जेमतेम एकतीस वर्षं आणि दोन महिने आले. दोघांना एकमेकांची नावं ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण धंदा एकच होता. रंगमंचावर उभं राहायचं, अंगावर दुसऱ्याचा वेष चढवायचा आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या गळ्याच्या जोरावर पोचायचं.

हे शेवटचं काम किती अवघड, याची आज कल्पना येत नाही. आमच्या पनवेलला वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. (हे आद्य क्रांतिवीर इथून जवळच्या शिरढोणचे.) अशा ठिकाणी नाट्यगीतांचा कार्यक्रम असला की गायकासमोर मायक्रोफोन, तबल्यासमोर मायक्रोफोन, निवेदकाच्या हातात आणखी एक. तरीही मागच्या रांगेतला कोणी तरी आवाज वाढवा म्हणून हात करतोच. केशवरावांच्या काळी यातलं काही नव्हतं. खेळ रात्री जेवणंखाणं उरकल्यावर सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. पदांची संख्या डोळे फिरवणारी, त्यात वन्समोअरचा आग्रह. गाणाऱ्याची पट्टीही फार उंच, आजच्या गायिकांच्या पट्टीच्या शेजारची. एका रात्री इतकं गायचं, आठवड्यातून दोन-तीन रात्री गायचं आणि मधल्या दिवसात पडदे, पेट्या, कपडेपट घेऊन पुढचं गाव गाठायचं.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. वडिलांचं छत्र लवकर हरपलं. घरची गरिबी. अशा घरातल्या गोड गळ्याच्या मुलाला त्या काळी एक वाट मोकळी असे, ती म्हणजे नाटक मंडळी. तिथे दोन वेळचं जेवण मिळे, अंगावर कपडा मिळे आणि जमलंच तर नाव मिळे. आईवडील मुलाला मंडळीच्या स्वाधीन करत तेव्हा त्यांच्या मनात काय होत असेल, ते त्यांचं त्यांना माहीत. आपण आज त्याला कलेची सेवा वगैरे म्हणतो. त्या घरांपुरता तो पोटाचा प्रश्न होता. केशव असाच अजाण वयात जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला.

स्त्रीभूमिका तेव्हा मुलं आणि पुरुषच करत. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं होतं. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या कोवळ्या पोरीची ही कथा. पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, त्याला सारडा कायदा म्हणत ते हरविलास सारडा यांच्या नावावरून. पण मराठी माणसांनी त्याचा 'शारदा कायदा' कधी करून टाकला ते त्यांनाही कळलं नाही, इतकी देवलांची शारदा घरोघरी पोचलेली होती. ती पोचवण्यात या कोल्हापूरच्या पोराचा मोठा वाटा. शारदेच्या वयाचाच असलेला हा मुलगा रंगमंचावर येऊन तिची भीती गाऊ लागला की प्रेक्षक हेलावून जात. हा मुलगा आहे, हे त्यांना ठाऊक असे आणि ते विसरायला ते एका पायावर तयार असत. भाऊराव कोल्हटकर, किर्लोस्कर मंडळीचे ते अलौकिक गायक नट, १९०१ साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेले होते. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न नाट्यरसिकांच्या तोंडी होता. त्याची दोन उत्तरं तयार होत होती. एक किर्लोस्कर मंडळीत १९०५ साली आलेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. दुसरं उत्तर केशव भोसले.

मुलग्यांच्या गळ्याचं एक दुखणं असतं. वयात येताना आवाज फुटतो आणि कालचा कोकीळ आज कावळा होतो. मंडळ्यांमधून अशी कितीतरी मुलं एका हंगामात राण्यांची दासी झाली आणि पुढच्या हंगामात पडदे ओढू लागली. केशवरावांचा गळा त्या भट्टीतून निभावला. उलट त्याला नवी धार चढली.

आणि मग या मुलाने एक धाडस केलं. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्याने स्वतःची 'ललितकलादर्श नाटक मंडळी' काढली. वय साडेसतरा! आजच्या हिशेबात कॉलेजच्या पहिल्या वर्षातला मुलगा. हुबळीच का, असं कोणी विचारील. तर हुबळी, धारवाड, बेळगाव हा सगळा टापू मराठी संगीत नाटकावर जीव टाकणारा होता. घरी कानडी बोलणारा माणूस मराठी पदं तोंडपाठ म्हणे.

मी आयुष्याची बरीच वर्षं बँकेच्या नोकरीत घालवली. कर्जाचे अर्ज वाचले, कारखान्यांना आणि दुकानांना भेटी दिल्या. त्यामुळे मला नाटक मंडळी म्हटलं की गाण्याच्या आधी जमाखर्च दिसतो, त्याला इलाज नाही. मंडळी म्हणजे फिरता कारखानाच होता. नट, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी, न्हावी, शिवाय शिकाऊ पोरं, अशा सगळ्यांचं जेवण एका चुलीवर. पाऊस लागला की खेळ बंद, पण चूल चालूच. प्लेग आला की गाव रिकामं, तरी चूल चालूच. प्रमुख नटाचा घसा बसला तर उत्पन्न शून्य. हातात तारण म्हणून काय, तर रंगवलेले पडदे आणि जरीचे कपडे. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो नम्रपणे परत केला असता. पण साडेसतरा वर्षांच्या या मालकाने तो कारखाना मरेपर्यंत, म्हणजे पावणेचौदा वर्षं, चालवून दाखवला.

नुसता चालवला नाही, वाढवला. गाण्याला पक्का पाया हवा म्हणून त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून तालीम घेतली. वझेबुवा ग्वाल्हेरच्या मुशीत घडलेले, पल्लेदार आणि आक्रमक गायकीचे. त्यांनी ललितकलादर्शच्या नाटकांना चालीही दिल्या. मराठी नाट्यगीतात या काळात दोन वाटा स्पष्ट दिसू लागल्या. एक बालगंधर्वांची, मऊ, लडिवाळ, शब्दाला कुरवाळत जाणारी. दुसरी केशवरावांची, उसळत्या तानांची, चढ्या सुराची, श्रोत्याला हाताला धरून उठवणारी. या दुसऱ्या वाटेने पुढे मास्टर दीनानाथ गेले. तेही वझेबुवांकडे शिकलेले आणि तेही एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. भाऊराव, केशवराव, दीनानाथ यांची वयं ओळीने मांडली की छातीत धस्स होतं.

पडद्यांच्या बाबतीत केशवराव हौशी होते. कोल्हापूर हे चित्रकारांचं गाव. पुढे चित्रपटात नाव काढणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, त्यांत ललितकलादर्शचेही होते. पु. श्री. काळे यांच्यासारखा नेपथ्यकार याच मंडळीत पुढे आला. दर्शनी मखमली पडदा मराठी रंगभूमीवर आणण्याचं श्रेयही केशवरावांना दिलं जातं.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची नाटकांची निवड. गाणाऱ्या नटाला जुन्या नाटकांवर जन्म काढता येतो. 'सौभद्र', 'मृच्छकटिक', 'शारदा' आलटून पालटून लावली की गल्ला भरतो. केशवरावांनी ती लावलीच, पण नव्या लेखकांसाठीही दार उघडं ठेवलं. वीर वामनराव जोशी यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' त्यांनी केलं. त्यातली नायिका ही त्यांची गाजलेली भूमिका. मग आले मामा वरेरकर. हे टपालखात्यातले नोकरदार. (नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांविषयी मला अंमळ जास्तच जिव्हाळा आहे.) त्यांचं 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्यावरचं नाटक ललितकलादर्शने रंगभूमीवर आणलं. १९१९ साली त्यांचंच 'संन्याशाचा संसार' आलं. त्यात विषय धर्मांतराचा आणि स्वधर्मात परत येऊ पाहणाऱ्यांचा. त्या दिवसांत हा विषय म्हणजे हातात विस्तव घेण्यासारखं. मुलाच्या बापाने थिएटरात बसून हुंड्याविरुद्धची पदं ऐकावीत, वन्समोअर द्यावा आणि घरी जाऊन पुन्हा हुंड्याची बोलणी करावीत, असंही घडलं असेल. पण निदान तो ऐकायला बसला, ते गळ्याच्या मोहाने.

हळूहळू त्यांनी स्त्रीवेष उतरवला आणि ते नायकाच्या भूमिका करू लागले. बालगंधर्व अखेरपर्यंत भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांतच रमले. केशवराव धैर्यधर झाले.

इथे शाहू महाराजांबद्दल लिहिलं पाहिजे. केशवराव कोल्हापूरचे, मराठा समाजातले. त्या वेळच्या नाटक मंडळ्यांच्या कारभारावर ब्राह्मण मंडळींचा वरचष्मा होता. त्यात एका गरीब मराठा घरातल्या पोराने पहिल्या रांगेची मंडळी उभी करावी याचा महाराजांना अभिमान वाटला असणार. त्यांचा आश्रय केशवरावांना होता. महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उघडलं आणि त्याला लागूनच खासबागेत कुस्त्यांचं मैदान बांधलं. गाणं आणि कुस्ती शेजारी शेजारी नांदावीत, ही खास कोल्हापुरी कल्पना. १९५७ साली त्या थिएटरला केशवरावांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत होरपळलं. रंगमंच आणि प्रेक्षागृह जळालं, दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी केशवरावांची एकशे चौतिसावी जयंती होती. कोल्हापूरकर त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडले, ते आपण दूरचित्रवाणीवर पाहिलं. पुनर्बांधणीसाठी पुढे सरकारने निधी जाहीर केला.

आता १९२१ च्या जुलैकडे वळू. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी, १ ऑगस्टला गेले होते. त्यांच्या नावाने गांधीजींनी टिळक स्वराज्य फंड सुरू केला, एक कोटी रुपयांचा संकल्प सोडून. देशभर झोळ्या फिरत होत्या. या फंडाला मदत म्हणून बालगंधर्व आणि केशवराव यांनी एकत्र उभं राहून 'मानापमान' करावं, असं ठरलं. खाडिलकरांचं हे नाटक १९११ सालचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव.

वाचकांना आज यात विशेष वाटणार नाही. दोन लोकप्रिय नट एका चित्रपटात येतात तसं हे, असं वाटेल. पण हे दोघे दोन मंडळ्यांचे धनी होते. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांची चुरस अशी की गावोगावच्या रसिकांत तट पडलेले. अमक्या घरी गंधर्वांचं नाव घ्यायचं, तमक्या घरी केशवरावांचं. एका रात्रीत एकाने दुसऱ्याला झाकलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर परिणाम झाला असता. पन्नास-शंभर माणसांच्या चुलीचा प्रश्न होता तो. धंद्याच्या दृष्टीने हा करार दोघांच्याही मुनीमांनी मोडीत काढला असता.

आणखी एक अडचण होती, तिच्याविषयी फारसं लिहिलं जात नाही. टिळक आणि शाहू महाराज यांच्यात वेदोक्त प्रकरणापासून कडू वैर होतं. ते टिळकांच्या मृत्यूनंतरही त्यांच्या अनुयायांमध्ये धुमसत राहिलं. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद तापलेला. बालगंधर्व हे नाव टिळकांनीच दिलेलं, असं सर्वत्र मानलं जातं. पण कोवळ्या नारायणाच्या कानाच्या आजारावर उपचार करवून त्याला किर्लोस्कर मंडळीच्या वाटेला लावलं ते शाहू महाराजांनी. म्हणजे त्या रात्री टिळकांच्या नावाने गाणारे दोघेही गळे शाहू महाराजांच्या ऋणातले होते. केशवरावांपाशी नाही म्हणायला सबबी भरपूर होत्या. त्यांनी होकार दिला. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हा होकार फार मोठा वाटतो.

८ जुलै १९२१. मुंबईतलं बालीवाला थिएटर. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट आणि तरी तिकीट मिळेना. बालगंधर्व तेहतीस वर्षांचे, केशवराव एकतीस वर्षांचे होण्याच्या उंबरठ्यावर. नाटकाची कथाही अशी की श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे त्याच्यातला माणूस ओळखून त्याच्यावर भाळते. नावच 'मानापमान'. कोणाचा मान राहिला आणि कोणाचा गेला, याचा हिशेब ठेवायला सारं थिएटर टपून बसलेलं. प्रयोग रंगला. सरस कोण ठरलं, यावर त्यानंतर कित्येक वर्षं ओसऱ्यांवर भांडणं झाली. गंधर्वांचे भक्त हटले नाहीत, केशवरावांचेही नाहीत. याचा अर्थ कोणी कोणाला झाकलं नाही, असा घ्यायला हरकत नसावी. लगोलग 'संयुक्त सौभद्र'ही झालं आणि पुढे अशा संयुक्त प्रयोगांची टूमच निघाली.

त्याच वर्षी यशवंत नारायण टिपणीस यांचं 'शहा शिवाजी' ललितकलादर्शने आणलं. मंडळी भरात होती. आणि केशवरावांना ताप आला. विषमज्वर. आज ज्याला टायफॉइड म्हणतात तो. या दुखण्यावर हमखास लागू पडणारं औषध वापरात आलं ते १९४८ च्या सुमारास. १९२१ साली रोग्याला पेजेच्या पाण्यावर ठेवायचं, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या आणि दिवस मोजायचे, एवढंच घरच्यांच्या हाती असे. ४ ऑक्टोबरला सगळं संपलं. जुलैतल्या त्या रात्रीला तीन महिनेही पुरे झाले नव्हते.

मालक गेला की दुकान चालेल का, हा बँकेतला जुना प्रश्न. कर्ज मागायला आलेल्या माणसाला तो तोंडावर विचारता येत नाही, पण मनात असतोच. नाटक मंडळ्यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी. ज्याच्या गळ्यावर मंडळी उभी, तो गळा गेला की पडदे लिलावात. गंधर्व मंडळीचंच पाहा. गळा असा की देवाने पुन्हा दिला नाही. पण अत्तरं, भरजरी शालू आणि दिलदारी यांच्या खर्चात मंडळी कर्जात रुतली. १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथ झाले, तोवर मंडळीचं दार लागलेलं होतं. हे त्यांच्यावरच्या प्रेमात तसूभरही उणं न करता लिहितो आहे.

केशवरावांनी मात्र मंडळी बापूराव पेंढारकरांच्या हाती दिली. बापूराव नात्याचे नव्हते, जातीचे नव्हते. मंडळीतले गायक नट, आणि तेही वझेबुवांच्या तालमीतले. घरातल्या कोणाच्या नावावर करून मोकळं होण्याऐवजी जो चालवील त्याच्याकडे ती द्यायची, हा शहाणपणा एकतिसाव्या वर्षी सुचला, हे मला त्यांच्या तानांपेक्षाही अवघड वाटतं. बापूरावांनी पुढच्याच वर्षी वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं, मग 'तुरुंगाच्या दारात'. केशवरावांनी वरेरकरांसाठी उघडलेलं दार त्यांनी बंद केलं नाही.

बापूराव १९३७ साली गेले. त्यांचा मुलगा भालचंद्र तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा, केशवराव गेले त्यानंतर सात आठवड्यांचा. त्यानेही वझेबुवांसमोर बसून गाणं घेतलं. मध्ये खंड पडला, तरी मंडळी पुन्हा उभी राहिली. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ', 'जय जय गौरीशंकर' ही नाटकं पाहत आमची पिढी वाढली, ती ललितकलादर्शच्या नावाखालीच. २००८ साली मंडळीला शंभर वर्षं झाली.

भालचंद्र पेंढारकरांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना एक नाद होता. रंगभूमीवर चाललेल्या नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवायचं. आपल्या मंडळीचंच नव्हे, इतरांच्या नाटकांचंही. फिती लावायच्या, नावं लिहायची, तारखा टाकायच्या, कपाटात ओळीने ठेवायच्या. असंख्य प्रयोग त्यांनी असे साठवले. केशवरावांची एवढी नाटकं ज्या काळात झाली, तेव्हा असं कोणी विंगेत यंत्र घेऊन बसलेलं नव्हतं. अण्णा ११ ऑगस्ट २०१५ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षात गेले. केशवरावांची एकशे पंचविसावी जयंती होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते.